गॅपनंतर वॉर्डला परत जाताना: असेसमेंटचं बेसिक कुठून सुरू करायचं

तू विचारलंस की जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन पाच वर्षं झाली, मधे लग्न झालं, मग बाळंतपण, तीन वर्षं घरीच गेली, आता पुढच्या महिन्यापासून पिंपळगाव बसवंतहून अप-डाउन करत नाशिकला मेडिसिन वॉर्डला जॉइन होतेयस आणि सगळं पुसून गेल्यासारखं वाटतंय, तर असेसमेंट, म्हणजे पेशंटची तपासणी, आणि पेशंट केअरची उजळणी कुठून सुरू करू. आणि शेवटी हे पण लिहिलंयस की व्हेनफ्लॉन, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालायची प्लास्टिकची नळी, लावायच्या विचारानेच हात थरथरतो. मी २४ वर्षं वॉर्डमध्ये आहे, त्यातली शेवटची ९ इनचार्ज म्हणून, तुझ्यासारख्या गॅप पडलेल्या मुली हाताखाली येत असतात त्यामुळे नेमकं कुठे अडतं ते माहितीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते, बाळ झोपलं की निवांत वाच.

आधी एक सांगते, प्रोसिजर तू विसरलेली नाहीस. बेड मेकिंग, कॅथेटर केअर, ड्रेसिंगचा ट्रे लावणं हे हातात बसलेलं असतं, दोन-चार ड्युट्या झाल्या की आपोआप परत येतं. गॅपमध्ये खरंच जाते ती पेशंटकडे बघायची नजर, आणि खरं सांगायचं तर गॅप न घेतलेल्यांची पण जाते, कारण आता जिकडेतिकडे मशीन आहे आणि आपण मशीनवरचे आकडे चार्टवर उतरवून पुढच्या बेडला जातो. त्यामुळे पुस्तक पहिल्या पानापासून काढून बसू नकोस, नजरेपासून सुरू कर, बाकीचं तिच्या मागोमाग येतं.

म्हणजे काय, तर बेडजवळ पोचायच्या आधीच बघायला लागायचं. पेशंट निवांत पडलाय, का उठून बसून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकून श्वास घेतोय? माणूस आपणहून असा बसला की समजायचं त्याला आडवं पडून दम पुरत नाहीये. घाम आहे का, ओठांचा रंग कसा, नाकपुड्या फुलतायत का, गळ्याच्या शिरा-स्नायू ओढले जातायत का, युरोबॅगमध्ये लघवी किती आहे आणि रंग कसा आहे, सलाईन चालू आहे का बंद पडलंय, जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलंय का. मग जवळ जाऊन विचारायचं, बाबा, पूर्ण नाव सांगा तुमचं, आणि सकाळी काय खाल्लंत? बाबा एका दमात पूर्ण वाक्य बोलले तर श्वासाची वाट मोकळी आहे, दम पुरतोय आणि माणूस शुद्धीत आहे, तिन्हीचा अंदाज एका उत्तरात आला. दोन शब्द बोलून थांबले, श्वास घेतला, परत दोन शब्द बोलले, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी बेडचं डोकं वर करायचं आणि मदतीला हाक मारायची. याला अर्धा मिनिट पुरतो. वॉर्ड कितीही भरलेला असो, अर्धा मिनिट निघतो.

आता श्वास मोजण्याबद्दल, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे. टीपीआर (टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन) चार्टवर न मोजता लिहिला जाणारा आकडा कुठला असेल तर रेस्पिरेशनचा. मी नवीन होते, पहिलंच वर्ष, नाईटला भरलेला वॉर्ड आणि आम्ही दोघीच, तिथे सगळ्यांना आर २० नाहीतर २२ लिहून टाकायची पद्धतच पडलेली होती आणि मीही तेच करायला लागले. एक आजोबा युरिन इन्फेक्शनसाठी ॲडमिट होते, ताप नव्हता, बीपी ११०/७०, पल्स ९६, मी आर २० लिहिलं आणि पुढे गेले. पहाटे साडेचारला त्यांचा मुलगा बोलवायला आला, आजोबा असंबद्ध बोलत होते, हातपाय गार, वरचं बीपी ८०, आणि तेव्हा मी त्यांचा श्वास पहिल्यांदा खरा मोजला, तो ३४ होता. सेप्सिस होतं ते, म्हणजे इन्फेक्शन सगळ्या शरीराला भोवलेलं. आयसीयूत गेले, अकरा दिवसांनी घरी गेले, वाचले. पण मुलगा नंतर मला म्हणाला, सिस्टर, बाबा रात्री जेवणानंतरपासूनच धापा टाकत होते, तुम्ही येऊन बघून गेलात म्हणून मला वाटलं ठीक असेल. हे वाक्य मी आजपर्यंत विसरले नाही आणि त्यानंतर न मोजलेला श्वास कधी लिहिला नाही.

याच्यामागचं कारण समजून घे म्हणजे लक्षात राहील. शरीरात ऑक्सिजन कमी पडायला लागला किंवा इन्फेक्शनमुळे, शुगरमुळे, किडनीमुळे रक्तात आम्ल वाढायला लागलं की शरीर सगळ्यात आधी श्वास वाढवून ते सावरायला बघतं. पल्सही वाढते. बीपी मात्र बराच वेळ धरून ठेवलं जातं, रक्तवाहिन्या आवळून, आणि ते पडतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून बीपी नॉर्मल आहे म्हणजे पेशंट स्टेबल आहे असं कधीच धरायचं नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये पेशंट बिघडतोय का हे गुणांवरून ओळखायचा जो न्यूज स्कोअर काढला आणि २०१७ मध्ये सुधारला, त्यात श्वास १२ ते २० असेल तर शून्य गुण, २१ ते २४ ला २, आणि २५ किंवा वर गेला, किंवा ८ वर किंवा त्याच्या खाली आला, तर थेट ३ गुण आहेत. एकूण ५ झाले की तातडीने डॉक्टरला दाखवायचं, ७ झाले की इमर्जन्सी. तुझ्या हॉस्पिटलमध्ये हा चार्ट असेल-नसेल, पण हे आकडे तू पाठ कर.

मोजायचं कसं, तर पल्स धरल्यासारखा मनगटावर हात ठेवायचा, पेशंटचा तोच हात त्याच्या छातीवर किंवा पोटावर आडवा घ्यायचा, आणि छाती-पोटाची हालचाल पूर्ण ६० सेकंद मोजायची. मी तुमचा श्वास मोजते असं सांगितलं की माणूस श्वास बदलतो, म्हणून सांगायचं नाही. १५ सेकंद मोजून चारने गुणू नकोस, त्यात एक श्वास चुकला की आकडा चारने चुकतो, १८ चा २२ होतो. आणि नुसता आकडा नाही, उथळ आहे का खोल, मधेच थांबतोय का, आवाज येतोय का, हेही लिहायचं. आजपासून घरी सासूबाईंचा, नवऱ्याचा, बाळाचा झोपेतला श्वास मोज, रोज पाच वेळा, पूर्ण मिनिट. बाळाचा आकडा मोठ्यांपेक्षा जास्तच असेल, त्याने घाबरू नकोस, त्या वयाला ते नॉर्मल असतं. पंधरा दिवसांत तुला नुसतं बघून कळायला लागेल की हा श्वास जास्त आहे, तीच ती नजर.

ऑक्सिमीटरवर विश्वास ठेव पण डोळे मिटून नको. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे, त्यात निफाडकडे तर जास्तच, थंडी कशी पडते तू बघतेसच, पहाटे पेशंटची बोटं गार असतात आणि मशीन ८६ दाखवतं, सगळे धावतात, बोटं चोळून ऊबदार केली की ९६ येतं. नेलपॉलिश आणि गडद मेंदीनेही गडबड होते, बोट बदल नाहीतर कानाच्या पाळीला लाव. मशीनवर दिसणारी पल्स आणि तू हाताने मोजलेली पल्स जुळत नसेल तर ते सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, लिहायचं नाही. उलटी गडबड जास्त धोक्याची. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी डोकं जड, उलट्या, गुंगी अशी येतात, त्यांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि साधं ऑक्सिमीटर त्यालाच ऑक्सिजन समजून ९८ दाखवतं. तिथे आकडा बघून निश्चिंत झालीस तर चुकलं, रात्री खोलीत काय पेटवलं होतं हे विचारायचं. आणि ज्या बायकांची हयात चुलीच्या धुरात गेली त्यांच्यात सीओपीडी (फुप्फुसांचा जुना दम्यासारखा आजार) खूप बघायला मिळतो, बिडी कधी ओढली नसली तरी. अशा पेशंटला डॉक्टर सॅच्युरेशनचं टार्गेट बहुतेक ८८ ते ९२ देतात, ९९ करायच्या नादात ऑक्सिजनचा नळ पूर्ण उघडून ठेवायचा नाही, त्यांच्यात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते.

बीपीत तीनच चुका परत परत होतात. स्वेटरच्या बाहीवरून कफ बांधणं, कफचा साइज न बघणं, आणि हात लोंबकळत ठेवणं. जाड दंडाला छोटा कफ लावला तर बीपी खोटं जास्त येतं, बारीक आजीच्या दंडाला मोठा कफ लावला तर कमी येतं. दंड हृदयाच्या लेव्हलला पाहिजे, पेशंट पाच मिनिटं शांत बसलेला पाहिजे, पाय एकावर एक नकोत, आणि मोजताना त्याच्याशी गप्पा नकोत, ना आपल्या ना नातेवाईकांच्या. हाताने मोजत असशील तर आधी नाडीवर बोट ठेवून कफ फुगवताना ती कुठल्या आकड्याला लागेनाशी होते ते बघ, त्याच्या ३० वर कफ फुगव, मग सावकाश सोड, सेकंदाला साधारण २ मिलिमीटर. १९०५ मध्ये कोरोटकॉफ नावाच्या रशियन डॉक्टरने जे आवाज सांगितले तेच आपण अजून ऐकतो, पहिला ठोका वरचं, आवाज पूर्ण जाणं खालचं. डिजिटल मशीनने विचित्र आकडा दिला, किंवा पल्स अनियमित लागली, तर हाताने परत मोजायचंच. पल्स अनियमित असेल तर पूर्ण मिनिट, आणि छातीवर स्टेथो ठेवूनही मोज, मनगटापेक्षा छातीवर जास्त ठोके आले तर दोन्ही आकडे लिहून डॉक्टरला सांग. टेंपरेचरबद्दल एकच, म्हाताऱ्या माणसाला मोठं इन्फेक्शन असूनही ताप नसू शकतो, उलट अंग गार पडू शकतं.

शुद्धीचं बघताना ग्लासगो स्केल, १९७४ मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी आणलेला, डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६, एकूण १५ आणि कमीत कमी ३. चार्टवर नुसतं १३ लिहू नकोस, तिन्हीचे आकडे वेगळे लिही, कारण १३ कुठून आले ते कळलं पाहिजे. आणि एक आपल्याकडची गोष्ट. सुरगाणा-पेठकडची आजी तिकडच्या आदिवासी कोकणीत बोलते, बागलाण-मालेगावकडची अहिराणीत, नवीन सिस्टरला ते कळत नाही आणि ती कन्फ्यूज्ड म्हणून लिहून टाकते, मग त्या आजीचा एक गुण विनाकारण जातो, सीटी स्कॅनपर्यंत गोष्ट जाऊ शकते. नातेवाईकाला शेजारी उभं करायचं आणि विचारायचं, आजी बरोबर बोलतायत का, नेहमीसारख्या बोलतायत का? खरं तर "नेहमीसारख्या" हा शब्द महत्त्वाचा. आमची आई आज वेगळीच वागतेय असं लेक म्हणाली तर तिचं ऐक, ती तिला आयुष्यभर ओळखते.

हिस्टरी घेताना पुस्तकी प्रश्न चालत नाहीत, चेस्ट पेन आहे का विचारलं तर लोक नाही म्हणतात. तेच पेशंट म्हणतील छातीत भरून आलंय, जीव घाबरा होतोय, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय. जीव घाबरा होतोय हे ऐकलं की टेन्शन आलं असेल म्हणून सोडायचं नाही, त्यात घाम असेल, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जात असेल तर लगेच कळवून ईसीजी. डायबेटिस असलेल्या आणि वयस्कर बायकांमध्ये तर छातीत न दुखताही ॲटॅक येतो, नुसतं मळमळतं, थकल्यासारखं होतं, दम लागतो. चमक निघते, ठणकतंय, मुरडा येतोय, आग होतेय, बधिर झालंय, हे प्रत्येक शब्द वेगळं सांगतात, म्हणून पेशंटचा शब्द जसाच्या तसा लिही. वेदना किती हे शून्य ते दहामध्ये सांगा म्हटलं तर शेतकरी आजोबा तोंडाकडे बघत बसतात, त्यांना विचार, काल रुपयाभर दुखत होतं धरलं तर आज किती आणे? आठ आणे, बारा आणे, चार आणे, लगेच सांगतात. आणि लघवी, पाळी, अंगावरचं जाणं, घरात मारहाण, हे सुनेला सासूसमोर आणि बाईला नवऱ्यासमोर विचारू नकोस, पडदा ओढ, नातेवाईकांना चहाला पाठव, मग विचार.

आता डोक्यापासून पायापर्यंतचं असेसमेंट. वेळ कधी मिळणार असं सगळ्या म्हणतात. स्पंजिंग आहे ना. मी माझ्या मुलींना सांगते की अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचं स्पंजिंग पूर्ण मावशींवर टाकू नका, निदान एकदा तुम्ही सोबत उभ्या राहा, कारण माणूस पूर्ण दिसतो तो तेवढ्याच वेळेला. पापणी खाली ओढून रक्त कमी आहे का, तोंडात पांढरा थर आहे का, आयव्हीची जागा लाल, गरम, दोरीसारखी झालीय का, पोट फुगलंय का, पायावर बोट दाबून खड्डा पडतो का, डायबेटिसच्या पेशंटच्या बोटांच्या बेचक्यात जखम आहे का जी त्याला स्वतःला जाणवतच नाही. पोट तपासताना क्रम लक्षात ठेव, आधी बघायचं, मग स्टेथोने ऐकायचं, हात सगळ्यात शेवटी, कारण आधी दाबलं की आतड्यांचे आवाज बदलतात.

पाठ उलटवली की माकडहाड, टाचा, कोपर, कानामागे, डोक्याची मागची बाजू बघ. लाल जागा दिसली तर बोटाने दाब, दाबल्यावर पांढरी होऊन परत लाल झाली तर अजून वेळ आहे, दाबूनही लालच राहिली तर बेडसोर सुरू झालेला आहे, पहिली स्टेज. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा काळपट लागते का ते हाताने बघ. पूर्वी आम्ही अशा जागेवर स्पिरिट-पावडर लावून चोळायचो, तुझ्या वॉर्डलाही कोणी करेल, ते करायचं नाही, चोळल्याने आतलं मांस अजून दुखावतं. रबरी रिंगवर बसवणं पण नको, रिंगच्या कडेला रक्त अडतं. दर दोन तासांनी कूस बदल, टाचा उशी पोटरीखाली घेऊन हवेत, चादरीला सुरकुती नको, ओलं राहू द्यायचं नाही, आणि ओढत वर सरकवायचं नाही, दोघींनी चादरीसकट उचलायचं.

आपल्या भागाच्या दोन गोष्टी पुस्तकात एका कोपऱ्यात असतात पण तुला वारंवार लागतील. एक, फवारणीचं औषध. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमधून आणि घरात रागाच्या भरात औषध पिऊनही पेशंट येतात. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, घाम, छातीत खरखर, पल्स कमी. ग्लोव्हज घालून कपडे काढ, अंग साबण-पाण्याने धू, नाहीतर कातडीतून आत जातच राहतं. त्यावरचं औषध ॲट्रोपिन चालू असताना छाती मोकळी झाली का, काखा कोरड्या पडल्या का, पल्स ८० च्या वर आली का हे बघत राहायचं काम तुझं असतं. आणि हे नीट ऐक, पहिला दिवस निघाला, पेशंट बोलायला लागला, नातेवाईक खूश झाले, आणि साधारण २४ ते ९६ तासांच्या मधे मानेचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. म्हणून दर राऊंडला पेशंटला सांगायचं, उशीवरून मान उचला बरं. काल उचलत होता आणि आज उचलता येत नाही, तर सॅच्युरेशन ९८ असलं तरी त्याच मिनिटाला डॉक्टरला कळव, व्हेंटिलेटर लागू शकतो.

दुसरी, मण्यार साप. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला पेशंट पहाटे पोट दुखतंय, गिळता येत नाही म्हणून येतो, चावल्याची खूण बऱ्याचदा दिसतच नाही. पापण्या जड होऊन खाली येतायत का बघ, वर बघायला सांग, आणि एका श्वासात आकडे मोजायला लाव. तासापूर्वी वीसपर्यंत जाणारा आता बारावरच थांबला तर ते लिहून ताबडतोब सांग.

औषधांचं थोडं. एका वॉर्डला दोन पवार आजी असतातच आणि पवार आजी म्हटलं की दोघीही हो म्हणतात, म्हणून पूर्ण नाव तिच्या तोंडून वदवून घे आणि आयपीडी (ॲडमिशनचा) नंबर जुळव, प्रत्येक वेळी. इन्सुलिनची बाटली आपल्याकडे बहुतेक ४० युनिटची असते पण १०० युनिटचीही येते, लाल टोपीची सिरिंज ४० ची, केशरी टोपीची १०० ची, उलटसुलट झालं तर डोस अडीच पट चुकतो. बाटली आणि सिरिंज दोन्हीवरचा आकडा वाच आणि दुसऱ्या सिस्टरला दाखव. पोटॅशियम क्लोराइड कधीच थेट शिरेत पुश करायचं नाही, कोणीही घाईत सांगितलं तरी. ड्रिपचं गणित: मिलिलिटर गुणिले सेटचे थेंब भागिले मिनिटं. ५०० मिली ४ तासांत द्यायचंय, सेट २० थेंबांचा, तर १०,००० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. सेट किती थेंबांचा ते पाकिटावर छापलेलं असतं, फेकायच्या आधी बघ.

रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) फीड द्यायच्या आधी हवा ढकलून पोटावर स्टेथोने गुडगुड ऐकायची ही जुनी सवय सोड, नळी फुप्फुसात असली तरी तसा आवाज येऊ शकतो. नवीन टाकलेली असेल तर एक्स-रे किंवा नळीतून ओढलेल्या पाण्याचा पीएच, ५.५ किंवा कमी. नाकाजवळची खूण तिथेच आहे का बघ, डोकं ३० ते ४५ अंश वर, फीडनंतर अर्धा-एक तास तसंच. इनटेक-आउटपुटमध्ये नातेवाईक एक तांब्या पाणी, दोन कप चहा असं सांगतात, तो कप, तो तांब्या एकदा मोजून चार्टवर लिहून ठेव. लघवी किलोमागे तासाला अर्धा मिली तरी पाहिजे, ६० किलोच्या माणसाला तासाला ३०, दोन-तीन तास त्याच्या खाली राहिली तर सकाळच्या राऊंडची वाट बघायची नाही, पण आधी नळीला पीळ पडलाय का ते बघ. युरोबॅग ब्लॅडरच्या खाली पण जमिनीला टेकलेली नको. हात तर धुवायचेच, हँडरब २० ते ३० सेकंद, साबण-पाणी ४० ते ६०, ग्लोव्हज घातले म्हणून सुटका नाही. सुईला परत टोपण लावायचं नाही, टोचलीच तर साबण-पाण्याने धुऊन लगेच कळव, एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत. लपवू नकोस, त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

बघितलेलं सांगता आलं नाही तर बघून उपयोग नाही. रात्री तीनला आरएमओला (ड्युटीवरच्या डॉक्टरला) फोन करून सर, नऊ नंबर बरा वाटत नाहीये म्हटलं तर ते म्हणणार सकाळी बघू. असं सांग: "सर, मेडिसिन वॉर्डमधून बोलतेय, बेड ९, वय ६८, न्यूमोनिया, आज तिसरा दिवस. बाराला श्वास २० होता, आता २८, सॅच्युरेशन ९६ वरून ९१, पल्स ११८, बीपी १००/६०, जरा बरळतायत. डोकं वर केलंय, ऑर्डरप्रमाणे ऑक्सिजन चालू आहे. तुम्ही आता येऊन बघावं असं मला वाटतं." तुलना आणि तुझं मत, दोन्ही त्यात पाहिजे. फोनची वेळ आणि काय सांगितलं ते नोट्समध्ये लिही. ओव्हर, म्हणजे आधीच्या ड्युटीकडून चार्ज, घेताना पण स्टेशनला बसून घेऊ नकोस, बेडवर जाऊन घे, पेशंट दोघींनी एकत्र बघितला की सलाईन बंद कधी पडलं यावरून नंतर वाद होत नाहीत. पहिला महिनाभर पंधरा मिनिटं आधी पोच, पिंपळगावची बस वेळेवर मिळेल असं धरून निघू नकोस.

आता व्हेनफ्लॉन. हात थरथरतो तो घाईने. खुर्ची ओढून बसून लाव, उभ्याने वाकून नको. पेशंटचा हात खाली सोडून ठेव, गार असेल तर कोमट कपडा ठेव. जास्त वापरात नसलेला हात घे, शीर खालून वर शोधत जा. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी जोडलेली शीर) असलेला, लकवा मारलेला किंवा स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात नको. म्हाताऱ्या माणसाला निळा, २२ नंबरचा व्हेनफ्लॉन पुरतो. दिसणाऱ्या शिरेपेक्षा बोटाखाली उसळी मारणारी शीर धर. स्पिरिट लावून पूर्ण वाळू दे आणि परत बोट लावू नकोस. डाव्या हाताने कातडी खाली ताणून धर, म्हाताऱ्यांच्या शिरा पळतात त्या यानेच थांबतात. साधारण १५-२० अंशात आत, रक्त दिसलं की सुई आडवी कर, केसभर पुढे, मग फक्त प्लास्टिक सरकव, बाहेर काढलेली सुई परत आत घालू नकोस. टेपवर तारीख आणि वेळ लिही. दोनदा करून नाही मिळाली तर थांब, आजीला सांग की तुमची शीर जरा नाजूक आहे, मी मोठ्या सिस्टरना बोलावते, आणि त्या लावत असताना निघून जाऊ नकोस, शेजारी उभी राहून त्यांचा डावा हात काय करतोय ते बघ.